एकोणिसावी नोंद

“अठराव्या पायरीपर्यंत तुमचे आणि आमचे सारे जुळते, शास्त्रीजी,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “एकोणिसावीपासून मात्र दोन वेगळी झाडे उगवतात.”

श्रीधरशास्त्रींनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. दुपार कलली होती. पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांच्या त्या संशोधन मंडळात लिंबाच्या सावल्या भिंतीवर संथपणे हलत होत्या, आणि पडद्यावरची अक्षरेही त्यांना पाण्याखालच्या खड्यांसारखी थरथरताना दिसली. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी जग त्यांना बहुधा असेच भेटे. थोडे जागे, थोडे निद्रिस्त.

एका प्राचीन ज्योतिषग्रंथाच्या एक्केचाळीस पोथ्या मंडळाने जमविल्या होत्या. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, याचा वंशवृक्ष संगणकाकडून काढविला होता. यंत्राची हाताळणी बद्रीनाथची, शिस्त शास्त्रींची. जुना लेखनिक पोथीच्या शेवटी आपले नाव, तिथी आणि मूळ प्रत श्रद्धेने लिहून ठेवी; तसेच गणितानेही आपले कूळ सांगावे, हा शास्त्रींचा आग्रह. म्हणून प्रत्येक पायरीला कर्ता, दिनांक आणि कारण लिहिल्यावाचून पुढचे दार उघडतच नसे. ती नोंद मंडळाने अभ्यासकांना खुली केली, आणि पुण्याच्या सरोजिनीबाईंनी तिच्याच आधाराने अवघे गणित पुन्हा मांडून पाहिले.

“आमच्या झाडात अजिंठ्याची पोथी शेवटच्या फांदीवर येते, तुमच्या झाडात थेट मुळाशी,” त्या म्हणाल्या. “कारण या पायरीवर तिच्या श्लोकांतले अकरा पाठ कोणी तरी हाताने बदलले आहेत. पानांच्या छायाचित्रांत तसे काही नाही.”

“कर्ता कोण लिहिला आहे?”

“बद्रीनाथ.”

बद्रीनाथ त्याच वेळी चहाचे पेले घेऊन दारात आला. अजिंठ्याच्या शेतकऱ्याचा हा चौतिशीचा मुलगा अकरा वर्षे शास्त्रींपाशी होता. सकाळी सर्वांआधी यावे, जाजम झटकावे, गुरुजींना संकेतशब्दांची यातायात नको म्हणून यंत्र आपल्याच नावाने उघडून द्यावे, चष्मा पुसून ठेवावा, हा त्याचा नित्यनेम. अकरा वर्षे तो हंगामी होता. येत्या सोमवारी मंडळाच्या सभेत तो कायम व्हायचा होता, आणि शिफारसपत्र शास्त्रींच्या सहीसाठी मेजावर वाट पाहत होते.

“बद्रीनाथ, एकोणिसाव्या पायरीवर अजिंठ्याचे पाठ तू बदललेस?”

त्याने पेले खाली ठेवले. पडद्यावरचा दिनांक वाचला. पुष्कळ वेळ वाचला.

“व्हय, गुरुजी.”

“का?”

“गावची पोथी हाय. वाटलं, एकदा तरी आमचं गाव मुळाशी असावं.”

सरोजिनीबाईंनी भुवया उंचावल्या. “अहो, इतक्या लवकर चोरसुद्धा कबुली देत नाही.”

“चोराला वकील असतो, मॅडम. आन् च्या थंड व्हायलाय.”

शास्त्री हसले नाहीत. या मुलाने पहिल्या दिवशी म्हटलेला श्लोक त्यांच्या कानांत दुरून, धुक्यापलीकडल्या घंटेसारखा वाजू लागला. बोली अजिंठ्याच्या मातीची, आणि संस्कृत असे की एक अनुस्वार इकडचा तिकडे होऊ नये! त्याच जिभेने आज हे सांगावे?

“एका गावाच्या अभिमानापायी तू पोथीला खोटे बोलायला लावलेस,” ते म्हणाले.

“चुकलं, गुरुजी.”

शास्त्रींनी शिफारसपत्र उचलले आणि त्याचे दोन, मग चार तुकडे केले. बद्रीनाथने खाली वाकून ते वेचले.

“दुपारची गोळी घेतली का?” त्याने विचारले.

“घेतली असेल.”

“नाय घेतली.” त्याने डबीतून गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचे भांडे पुढे केले, आणि ती घशाखाली उतरेपर्यंत तसाच उभा राहिला.

सरोजिनीबाई कागद आवरू लागल्या. “कबुली आहेच, मी तेवढे लिहून देते. एक राहिले. आम्हांला पाठविलेल्या प्रतीत कारणाचा रकाना नव्हता. तो इथल्या यंत्रात असेल ना?”

“ते कशाला बघायचं, मॅडम?” बद्रीनाथ घाईने म्हणाला. “मी सांगितलं की सगळं. उगं पुण्याची गाडी चुकंल तुमची.”

“चुकू दे,” शास्त्री म्हणाले. “कारण वाचल्यावाचून नोंद पुरी होत नाही, नियम माझा आहे. वाचा, बाई. याने कोणती सबब लिहिली, ती मलाही ऐकू द्या.”

“गुरुजी, नका ऐकू. पाया पडतो तुमच्या.” तो खरोखरच खाली वाकला.

शास्त्रींनी पाय मागे घेतले.

सरोजिनीबाईंनी रकाना उघडला आणि आधी मनाशी वाचला. त्यांनी जमिनीकडे पाहणाऱ्या बद्रीनाथकडे पाहिले, मग शास्त्रींकडे.

“वाचा,” शास्त्री म्हणाले.

त्यांनी हलक्या स्वरात वाचले :

“‘हे अकरा पाठ लेखनिकाचे प्रमाद होत, म्हणून सुधारले. १९४८च्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या वर्षी, मी दहा वर्षांचा असताना, माझ्या गुरुजींनी हे श्लोक मजकडून असेच पाठ करवून घेतले होते.’”