दारातल्या चपला

बाळांनो, डोळे मिटा आणि तळेघरच्या पास्टर भागुजींचं दार डोळ्यांपुढे आणा. मागच्या वर्षी रविवारच्या प्रार्थनेला तिथे चाळीस जोड चपला असत. मग पास्टरांनी प्रार्थनेतच एका उमेदवाराला मत द्यायला सांगितलं. तो पडला. जिंकलेल्यांची माणसं आता चपलांवरून कोण आलंय ते ओळखतात आणि घरी जाऊन दम देतात. आज दोनच जोड होते, जानकाबाईंचा आणि त्यांच्या शाळकरी नातीचा, रेश्माचा.

बाहेर त्याच माणसांची जीप थांबली.

"रेशमे, चपला आत घे. लई भ्या वाटतंय."

रेश्माने आजीच्या चपला आत ओढल्या.

"आन तुझ्या गं?"

"मला कुठं मत हाय, आजे?" असं म्हणत तिने आपल्या चपला उंबऱ्यापुढे सरळ मांडल्या.