काळीतली घरं

"मरीमाय कोपली, दुसरं काय!" पडलेल्या भिंतींपुढे उभी राहून तुळसाबाई पाटलीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

भूकंपात बौद्धांची वस्ती तेवढी जमीनदोस्त झाली. गावातल्या घरांत भांडी वाजली, दोन-चार कौलं सरकली, बस्स. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा रुखमाबाईनं घरातली मरीमाय स्वतःच्या हातानं नदीत सोडली होती. आता तिच्याच भिंतीखाली तिचा नातू गेला. गावाला आयतं कारण मिळालं, आणि आयतं कारण कोण सोडतो?

गावाचं जाऊ द्या. सून कौसल्याही सासूशी बोलेनाशी झाली. पोराची आई ती, तिला कोण काय सांगणार! रुखमाबाईला घास उतरेना. खरंच आपणच पोराला खाल्लं का, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

मग पाहणीला साहेब आला. त्यानं वस्तीत खड्डा खणायला लावला. दोन पुरुष खोल गेले तरी काळीच काळी, मुरूम लागेना. गावात मात्र वीतभर खाली कातळ. त्यानं सगळ्यांना जमवून सांगितलं, "धक्का एकच होता. कातळावर तो हलकाच जातो. अशा खोल, मऊ मातीत शिरला की वाढतो. दह्याचं गाडगं हलवून बघा, गाडग्यापेक्षा दही जास्त हलतं. यात देवीबिवीचा काही संबंध नाही."

कौसल्या उठून सासूजवळ येऊन बसली. तिचा हात हातात घेतला.

"आत्या, मी उगाच तुमच्यावर राग धरून राह्यली. तुमचा काही दोष नोहोता."

रुखमाबाई ढसाढसा रडली. किती दिवसांनी तिचा जीव हलका झाला.

निघता निघता साहेबानं टेकाडावरच्या मोकळ्या बरडाकडे बोट केलं. "एवढी टणक जागा रिकामी पडलीय. वस्ती बसवताना पंचायतीनं तुम्हाला ती का दिली नाही?"

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. कौसल्याला काही ठाऊक नव्हतं, ती लग्न होऊन आली ती या नव्या वस्तीतच.

रुखमाबाईनं सुनेच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"देत होते, साहेब. मीच आडवी झाली. म्हनलं, जनमभर आमच्या वाट्याले दगडंच आले, आता आमाले काळी पायजे."