रातांब्याची वाटणी

वाटणीत कोकमाच्या दोन झाडांपैकी थोरल्या अनंतला फळणारा रातांबा मिळाला आणि धाकट्या दिगूला शेजारचा, कधीच न फळलेला. दिगूने कुऱ्हाड आणली.

"अरे, तो नर आहे!" आई कळवळली. "त्याच्यामुळेच दादाचं झाड धरतं. आमसुलं मी दोन्ही घरांत सारखी वाटीन."

"म्हणजे राबायचं माझ्या झाडानं आणि फळं दादाच्या परसात?"

तिने आशेने थोरल्याकडे पाहिलं.

"झाड त्याचं, आई. मी कोण बोलणार?"

झाड पडलं.

पुढच्या वर्षी उरलेला रातांबा फुलला आणि फुलं तशीच गळून गेली. वैशाखात आईने आमसुलं वाळवायची चटई सवयीने अंगणात अंथरली, संध्याकाळी रिकामीच गुंडाळली. दोघे आपापल्या ओटीवरून बघत होते.

वाटणी आता अगदी समसमान झाली होती.