तोंडाला कुलूप

"नात हवी ना? मग दुपारभर माझ्याशी पत्ते खेळ. पण तोंडातून एक जरी चिनी शब्द निघाला, तर उठायचं आणि चालू लागायचं," अपू सेन्सिया म्हणाली. फिलिपिन्समधल्या ग्वाग्वा गावात सगळे आजीला अपूच म्हणतात.

केल्विन तियूच्या घरी पिढ्यान् पिढ्या चिनी होक्कियन बोलत. तो मांडी घालून समोर बसला.

"काय मांडू? पांगिंगी की कुवाहो?"

"पहिला."

डावामागून डाव झाले. अपू बडबडत होती, केल्विन नुसता पत्ते टाकत होता.

"दातखीळ बसली का रे? खेळाचं नावसुद्धा घेत नाहीस!"

"घेतलं तर लग्न मोडेल, अपू. दोन्ही खेळांची नावं आमच्या चिनीतलीच."

अपूचा हात पत्त्यांवरच थबकला. मग ती स्वयंपाकघराकडे वळून ओरडली, "ऐकलंस का गं, अत्सी, हा काय म्हणतोय ते?" केल्विन जिला मागायला आला होता, त्या थोरल्या नातीला घरात लहानपणापासून सगळे अत्सीच म्हणत.

केल्विनला ठसका लागला.

"आता काय झालं?"

"ही हाकपण आमचीच, अपू. तिचा अर्थ ताई."

अपूने हातातले पत्ते खाली टाकले. "मग घेऊन जा बाबा. नावानं तर ती आधीच तुमच्या घरची निघाली!"