हिल्डाबाईंचा हात

या सहलीत हिल्डाबाईंना मिळवायचं होतं ते एवढंच: तरुणपणी जीव लावलेल्या सोलापुरात वीस वर्षांनी कुणीतरी आपल्याला ओळखावं. त्यासाठी लंडनहून विमान, वर एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. सौदा तसा आतबट्ट्याचाच.

नवी पेठेत गिरिजाबाई कासारणीनं बांगड्या भरायला पुढं केलेला त्यांचा मोकळा हात दाबून पाहिला. “हिल्डाबाई, तुमीच की!”

बाईंचे डोळे भरून आले. “ओळखलंत?”

“न ओळखाया काय झालं? रोज तर भेटतो.” ती हसली. “पर चेष्टा करता व्हय? सकाळीच हिरव्या भरल्या. आता बोट शिरंल एवढी बी जागा न्हाय हातात.”

बाईंनी घाबरून हात मागे ओढला. मनगट उघडंच होतं. बांगड्या मात्र त्यांच्या पाठीमागं किणकिणल्या.

“सकाळचे पैसे…” त्या कशाबशा पुटपुटल्या.

“दिले की,” गिरिजाबाईनं त्यांच्या खांद्यामागं बोट दाखवलं, “ह्या हिल्डाबाईंनी.”