हारलनला साजेसा टर्बो

इंजिनाला जादा जोर देणारा मोठा टर्बो उशिरा जागा होतो, म्हणून तो काढून छोटा बसवला. तरी शर्यतीत सुटताना हारलनची गाडी मागेच!

"वर्न, लेका, रोज हिनेच मी किराणा आणतो. सिग्नलवरून कशी सुसाट निघते! मग ट्रॅकवरच हिला काय धाड भरते?"

मीही चक्रावलो. तीस वर्षं त्याची इंजिनं मीच बांधतोय. शेवटी तल्साच्या ट्रॅकवर मिळालेल्या वेळेच्या चिठ्ठ्या काढून बसलो. गाडीचा वेळ झकास होता. दर शर्यतीला वाढत होता तो दुसराच आकडा: हिरवा दिवा लागल्यापासून हारलनने गाडी हलवेपर्यंतचा.

"काय म्हणतायत चिठ्ठ्या?" चष्मा चाचपत हारलनने विचारलं.

मी त्या खिशात घातल्या. "मोठाच बसवू परत. त्याला जागं व्हायला वेळ लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं."