चाफ्याचा तांबेरा

“पानाच्या खालून मारा,” समीक्षा म्हणाली. “बुरशी खाली असते. वरून नुसतं पान भिजतं.”

सुजयने पंपाचं तोंड वर वळवलं आणि वाकून फवारू लागला. तिने कुंपणाकडच्या ठेंगण्या चाफ्याचं एक पान उलटून पाहिलं. तांबेऱ्याच्या नारिंगी पुटकुळ्या सुकून तपकिरी झाल्या होत्या. बोटाला पूड लागली नाही.

एरवी बोटीवरून सुट्टीला आला की तो दिवस झोपून काढायचा. या खेपेला चाफ्यांना काय झालंय, असं त्याने आपणहून विचारलं. गळलेली पानं वेचून जाळली. औषध किती पाण्यात घालायचं ते नीट समजून घेतलं. नवऱ्याला या घराचा कंटाळा आहे असं आपण उगाच धरून चाललो, असं तिला वाटू लागलं होतं. काल बहिणीला फोनवर तिने तसं सांगितलंही, जरा लाजत.

फाटकाशी गाडी थांबली. नवराबायको उतरले. खेडचे ओळखीचे आहेत, सहज आलेत, असं सुजय म्हणाला आणि त्या गृहस्थांना विहीर दाखवायला मागे घेऊन गेला. बाई चाफ्यापाशी थांबल्या. त्यांनी फुलाला हात घातला.

“आज नको,” समीक्षा म्हणाली. “आत्ताच औषध मारलंय. आठवडाभर थांबायला हवं.”

“थांबू की. पुढच्या महिन्यात घर आमच्या नावावर झालं की रोजचीच फुलं.” बाई हसल्या. “तुमचे मिस्टर म्हणाले, झाडांवर रोग आहे, तेवढा घालवतो, मगच बघायला या. हौशी हो अगदी. आता पनवेलच्या फ्लॅटात तुम्हाला कुठली बाग?”

विहिरीकडून सुजयचा आवाज येत होता. पाणी मे महिन्यातही आटत नाही, असं तो सांगत होता. मग दोघे पुरुष बोलत बोलत पुढच्या अंगणात आले.

“पण गेला ना आता रोग?” बाईंनी विचारलं.

“नाही. नुसता दिसेनासा झालाय. पावसात परत येईल.” समीक्षाने सुजयकडे पाहिलं. “यांनी तुम्हालाही सांगितलं नाही?”

सुजय गाडीकडे बघत राहिला.

“तुम्हालाही म्हणजे?” बाई म्हणाल्या.